तो बनुबाईचा पेला

बनुबाई, सलाम.

परवा आपल्या ख्रिस्ती मंडळीची स्मरणिका हाती आली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो, आणि सत्ताविसाव्या पानावर तुझ्याविषयी चार ओळी. ख्रिस्तवासी बनुबाई भिंगारदिवे या अत्यंत शांत व सोशिक भगिनी होत्या म्हणे. अन्याय झाला तरी त्यांनी तोंडातून शब्द काढला नाही म्हणे.

शब्द काढला नाही! तू! भाजीवाल्याने दोन किडकी वांगी घातली तर पाटीच त्याच्या पायावर पालथी करणारी तू. वाचून माझा चहा गार झाला. तू बोललीस, बाई. शास्त्रात सांगितलेल्या रीतीने, एकेक पायरी चढत बोललीस. आम्हाला ऐकू चांगलं येत होतं.

तुझी गोष्ट तुलाच काय सांगायची? म्हणून वाचणाऱ्यांना सांगते. तिच्यात पुष्पावती नावाची एक मास्तरीण येईल, ती मीच. पण तिच्याविषयी परक्या बाईसारखंच लिहिणार. ‘मी’ म्हटलं की सबबी सुचायला लागतात.

तर भिंगारच्या टोकाला तेव्हा मंडळीचं पत्र्याचं लहानसं देऊळ होतं. बनुबाई छावणीतल्या चार बंगल्यांवर झाडलोट करायची, पायखाने साफ करायची. नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. मंडळीतल्या बहुतेकांचे आजे महारवाड्यातून आलेले, बनुबाईचा बाप मांगवाड्यातून. बाप्तिस्म्याचं पाणी सगळ्यांच्या डोक्यावर एकच पडलं होतं, पण दोन वाड्यांमधलं अंतर काही त्यात वाहून गेलं नव्हतं. हे कुणी बोलत नसे. बोलायची गरजच नव्हती. बनुबाई शेवटच्या बाकावर बसायची आणि त्या बाकावर दुसरं कुणी बसायचं नाही.

पुष्पावती मंडळीच्या मुलींच्या शाळेत शिकवायची. नगरच्या कॉलेजात बी.ए. झालेली, बिनलग्नाची, पस्तिशीची. शनिवारी दुपारी ती मोठ्या बायकांचा अक्षरवर्ग घ्यायची. बनुबाई आधी देऊळ झाडायची, मग झाडू दाराबाहेर टेकवून वर्गात यायची. दोन वर्षांत शास्त्र, म्हणजे बायबल, वाचायला लागली. ओळीखाली बोट, आवाज खणखणीत, आणि मध्येच थांबून भांडण, जसं उधळ्या मुलाच्या गोष्टीवर.

‘‘बाई, धाकटा समदं उडवून आला तर त्याला मेजवानी. आन थोरला राबराब राबला तर त्याला उपदेश. ह्ये कसं?’’

‘‘पुढे वाच, बनुबाई.’’

‘‘वाचते की. पन थोरल्याचं काय चुकलं ते लिवलं न्हाई.’’

महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असायचं. कडा काढलेल्या पावाचे चौकोनी तुकडे, आणि मनुका उकळून केलेला द्राक्षरस. रस छोट्या छोट्या काचेच्या पेल्यांत भरायचा. पेले लाकडी तबकात बसवलेले. तबकाला चाळीस भोकं, प्रत्येक भोकात एक पेला. पेले धुण्या-भरण्याचं काम लंकाबाईंचं. लंकाबाई म्हणजे रंगनाथरावांची बायको, आणि रंगनाथराव म्हणजे डेपोतले निवृत्त हेडक्लार्क, मंडळीचे मुख्य पंच. तबक बाकाबाकावरून तेच फिरवायचे.

चाळीसपैकी एकोणचाळीस पेले सारखे होते. एक निराळा. दवाखान्यात औषध मोजायला वापरतात तसा, अंगावर मापाच्या रेघा असलेला. एकदा एक पेला फुटला, त्याच्या जागी हा आला. तो नेहमी कोपऱ्यातल्या भोकात असायचा. तबक शेवटच्या बाकाशी पोचेपर्यंत त्याला कुणी हात लावत नसे. चार वर्षं बनुबाई त्यातूनच प्याली. तिला वाटायचं, आपण शेवटी बसतो, उरेल तो आपला.

एकाहत्तरच्या जूनमध्ये एक मद्रासी हवालदार उपासनेला आला. नव्याने बदली होऊन आलेला, रीतभात माहीत नाही. मधल्या बाकावर बसला. तबक पुढे आलं तसा त्याने हात घातला आणि नेमका कोपऱ्यातला पेला उचलला.

रंगनाथरावांनी त्याचं मनगट धरलं.

‘‘तो नको. तो बनुबाईचा.’’

ते हळूच म्हणाले होते, पण त्या वेळी देवळात पत्र्यावरच्या चिमणीची नखंसुद्धा ऐकू येतात. हवालदाराला मराठी कळत नव्हतं. त्याने पेला परत ठेवला, दुसरा घेतला आणि हसला. बाकी सगळ्या मंडळींनी डोळे मिटून घेतले, जणू एकाएकी सगळ्यांनाच प्रार्थना सुचली. तबक शेवटच्या बाकापाशी गेलं. बनुबाईने पेला उचलला, उजेडात धरून त्याच्यावरच्या रेघा पाहिल्या, आणि प्याली. रिकामा पेला तिने तबकात ठेवला नाही. बाकावर ठेवला, आणि उठून गेली.

पुढच्या शनिवारी वर्गात तिने आपण होऊन एक पान उघडलं. कुणी आपला अपराध केला तर काय करावं, ते त्यात होतं. आधी एकट्याने त्याच्याकडे जावं, चारचौघांत बोभाटा करू नये. नाही ऐकलं तर एक-दोन साक्षीदार न्यावेत. तरी नाही ऐकलं तर मंडळीला सांगावं.

‘‘हे समद्यांला लागू हाय का, बाई?’’

‘‘हो. सगळ्यांना.’’

‘‘मंग मलाबी.’’

‘‘बनुबाई, सोडून दे गं. क्षमा करायची आपण.’’

‘‘करते की. पन काय केलं ते त्यांनी एकदा म्हणावं तर. न्हाई तर क्षमा करू कशाची?’’

पुष्पावतीने फळा पुसायला घेतला.

बनुबाई एकटी लंकाबाईंच्या मागच्या दाराशी गेली. पुढच्या दाराने ती कधी गेलीच नव्हती. तिथे काय झालं ते तिने नंतर लंकाबाईंची हुबेहूब नक्कल करून सांगितलं, कमरेवर हात, मान तिरकी: ‘‘तुझ्या हाताला दिवसभर काय लागतं ते मला ठाऊक न्हाई व्हय? माझी नातवंडं त्याच तबकातून पितात.’’ बनुबाई म्हणाली, मी आंघोळ करून येते, तुमच्या आधी उठून. त्यावर लंकाबाई म्हणाल्या, ‘‘मग प्रभूनं तुला एवढं शुद्ध केलंय तर मला क्षमा कर की. तुला कुठं जड जातंय?’’ आणि दार लावलं.

नक्कल करताना बनुबाई हसत होती. पुष्पावतीही हसली. मग बनुबाई म्हणाली, ‘‘आता साक्षी. तुमी चला.’’

पुष्पावती साक्षीला सगळ्यांत लायक होती. लंकाबाईंचा गुडघा दुखायचा तेव्हा दोनदा तिनेच पेले धुतले होते आणि लंकाबाईंनी तिला बजावलं होतं, ‘‘हा रेघांचा वेगळा ठेव. शेवटी धू.’’ तिने शेवटी धुतला होता. दोन्ही वेळा.

पण शाळेत मुख्याध्यापिकेची जागा रिकामी होती, आणि शाळेच्या मंडळावर रंगनाथराव होते. तरी ती गेली. न जाण्याइतकं धैर्यही तिच्यात नव्हतं.

रंगनाथरावांनी पुष्पावतीला खुर्ची दिली. बनुबाई ओट्याच्या पायरीपाशी उभी राहिली.

‘‘पुष्पाबाई, तुम्ही शिकलेल्या. एका काचेच्या पेल्यावरून मंडळीत फूट पाडायला तुम्हीही निघालात?’’

‘‘मी फक्त सोबत आले आहे.’’

‘‘मग सांगा. लंकाबाई मुद्दाम तो पेला हिच्यासाठी ठेवतात, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिलंय?’’

चुलीवर काहीतरी करपत होतं. आत लंकाबाईंच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या.

पुष्पावती म्हणाली, ‘‘प्रभुभोजनाच्या वेळी माझे डोळे मिटलेले असतात.’’

‘‘झालं तर,’’ रंगनाथराव म्हणाले. ‘‘चहा घेणार?’’

आणि तिने चहा घेतला. अख्खा कप. बनुबाई तोवर पायरीपाशी उभी होती. वाटेत तिने सहज विचारावं तसं विचारलं, ‘‘बाई, ती जागा कवा भरनार हाय?’’

नोव्हेंबरात मंडळीची सभा भरली तेव्हा बनुबाई तिसरी पायरी चढली. उभी राहिली आणि पाच वाक्यांत सगळं सांगितलं. रडली नाही, शिवी दिली नाही. मंडळीचे पाळक, म्हणजे धर्मगुरू, तरुण होते, भले होते, आणि त्यांचा पगार पंच ठरवायचे. त्यांनी रंगनाथरावांकडे पाहिलं. रंगनाथराव उठले. आरोप गंभीर आहे, पण साक्ष नाही, म्हणाले. साक्षीला नेलेल्या बाईंनीच काही पाहिलं नाही. तेव्हा एका भगिनीवर खोटा आळ घेतल्याबद्दल बनुबाईने सगळ्यांसमोर लंकाबाईंची माफी मागावी. तोवर तिला प्रभुभोजन बंद.

सभेत पस्तीस माणसं होती. बंद करावं म्हणणाऱ्यांनी हात वर करा म्हटल्यावर आधी थोडे वर झाले, मग शेजाऱ्याकडे बघून बाकीचे. पुष्पावतीचा हातही वर झाला. कोपरापासून, अर्धा. पण मोजताना अर्धा धरत नाहीत.

पाळक म्हणाले, ‘‘बनुबाई, माफी मागून टाका. आजच मिटेल सगळं.’’

बनुबाई लंकाबाईंच्या बाकापाशी गेली. हात जोडले. ‘‘लंकाबाई, पाच म्हैने मी तुमच्यावर राग धरला. रात रात धरला. त्याची माफी मागते, मनापासून मागते.’’

देवळाने श्वास सोडला.

‘‘पन पेला खरा हुता,’’ बनुबाई म्हणाली.

मागच्या बाकावरून कुणी तरी खिदळलं. रंगनाथरावांनी वही मिटली. ‘‘बघा. हे असलं माफी मागणं.’’

त्या दिवसापासून तबक शेवटच्या बाकाकडे गेलंच नाही. बनुबाई तिथे यायची, बसायची, तबक अलीकडूनच परत फिरायचं. पुढच्याच महिन्यात तो रेघांचा पेला नाहीसा झाला आणि त्याच्या जागी बाकीच्यांसारखा चाळिसावा आला. वेगळा ठेवायचं आता कारण उरलं नव्हतं.

तिने देऊळ झाडणं सोडलं नाही. वर्गही सोडला नाही. आणि लंकाबाईंना तर मुळीच सोडलं नाही. बायकांच्या प्रार्थनेत आपली पाळी आली की ती मोठ्याने म्हणायची, ‘‘प्रभू, लंकाबाईच्या डाव्या गुडघ्याला आराम दे.’’ दर आठवड्याला. लंकाबाई एकदा ताडकन उठल्या. ‘‘माझं नाव घेऊ नको! माझ्या गुडघ्याचं मी बघेन!’’ बनुबाई म्हणाली, ‘‘मग तुमी बगा आन मी मागते. दोगी मिळून करू.’’ ती टोमणा मारतेय असं सगळ्यांना वाटलं. पुष्पावतीलाही. पण बनुबाई तीन वेळा निरगुडीचा पाला खुडून लंकाबाईंच्या मागच्या पायरीवर ठेवून आली. तिन्ही वेळा तो पाला देवळाच्या दारात फेकलेला सापडला. शनिवारी तिनेच झाडून काढला.

बहात्तरचा पाऊस आलाच नाही. बंगल्यांवर टँकरचं पाणी मोजून मिळायला लागलं, चारपैकी तीन कामं गेली. लंकाबाईंचा तर्क लगेच तयार होता. ‘‘मंडळीचं न ऐकणाऱ्याचं असंच होतं,’’ त्या नळावर म्हणाल्या. त्या दुष्काळात सगळ्या जिल्ह्याचं तसं होत होतं, पण नळावर कुणी त्यांना हे सांगितलं नाही.

त्र्याहत्तरच्या फेब्रुवारीत बनुबाईने बोचकं बांधलं. तिची बहीण बायडाबाई बेलापूरकडे एका वाडीत राहायची. तिथे प्रवरेच्या पाटाचं पाणी होतं, कामही होतं. पुष्पावती तिला एस.टी.वर पोचवायला गेली. तोवर ती मुख्याध्यापिका झाली होती.

गाडी लागली तेव्हा बनुबाई म्हणाली, ‘‘बाई, एक काम सांगू का? तिकडं लहान मंडळी हाय, चांगली मानसं हायेत म्हनं. पन प्रभुभोजनाला बसायचं तर हितल्या पाळकांचा दाखला लागतो, सभासदाचा. मी मागितला तर ते रंगनाथरावांना इचारतील. तुमी मागितला तर देतील. तेवढा पाठवून द्या. लई दिस झाले हो घेतलं न्हाई.’’

शेवटचं वाक्य ती पुष्पावतीकडे न बघता म्हणाली. दीड वर्षात असं बोलताना पुष्पावतीने तिला कधी ऐकलं नव्हतं.

‘‘सोमवारी मागते,’’ पुष्पावती म्हणाली.

सोमवारी शाळेची तपासणी होती. त्याच्या पुढच्या सोमवारी पाळकांकडे रंगनाथराव बसलेले दिसले. मग परीक्षा आल्या. बायडाबाईच्या जावयाचा निरोप आला की बनुबाई तिकडेही शेवटीच बसते, दाखला आला की पुढे जाईन म्हणते. जूनमध्ये तो जावई स्वतः भिंगारला आला आणि शाळेच्या फाटकात उभा राहिला.

‘‘बनुमावशीनं इचारलंय, दाखला तयार हाय का? तिची तब्येत बरी न्हाई. ह्या रविवारी तिकडं भोजन हाय.’’

‘‘पाळक दौऱ्यावर गेलेत,’’ पुष्पावती म्हणाली. ‘‘आले की लगेच घेते. सांग तिला.’’

त्याने मान हलवली आणि स्टँडकडे निघाला. रस्त्यापलीकडे, साठ पावलांवर, पाळक आपल्या ओट्यावर बसून दाढी करत होते. आरसा खिडकीच्या गजाला अडकवलेला होता. त्यांनी फेसाळलेल्या गालाने तिच्याकडे बघून सलाम केला. पुष्पावतीने सलाम केला, आणि घंटा झाली म्हणून आत गेली.