कमळूच्या बोटाला कळणारे मासे

शहापूरकडच्या शेणवे गावाच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला चाळीसेक घरांची एक वाडी आहे. वाडीच्या खाली पाझर तलाव. सकाळच्या वेळी त्या तलावाच्या काठी कोणी गळ टाकून बसलेलं दिसलं, तर तो बहुतेक कमळूच असतो. साठी ओलांडलेला, अंगाने काटक, बोलायला कमी. घरची थोडी भातशेती, चैत्रात मोहाची फुलं, वैशाखात करवंदं, आणि उरलेल्या वेळात मासे, असं त्याचं आयुष्य गेलं.

तलावात पावसाळ्यात बोटाएवढी पिल्लं सोडतात. रोहू, कटला, मिरगल. दोन वर्षांत ती हातभर होतात. जाळं टाकायची मनाई आहे, गळाला कोणाची ना नाही. वाडीतले सगळेच गळ टाकतात, पण कमळूच्या दोरीला जेवढे मासे लागतात तेवढे दुसऱ्या कोणाला लागत नाहीत.

तीन वर्षांपूर्वी त्याने एक नवीनच प्रकार सुरू केला. गळाच्या दोरीला थर्माकोलचा तुकडा बांधायचा, तो पाण्यावर तरंगतो, तो बुडाला की ओढायचं, ही सगळ्यांची रीत. कमळूने तो तुकडा सोडून टाकला. नुसती दोरी, टोकाला गळ, गळाच्या वर लोखंडी नटाचं वजन. दोरी उजव्या हाताच्या पहिल्या बोटावरून घ्यायची आणि गप्प बसायचं.

"थर्माकोलला मासा बिचकतो," असं तो म्हणाला. सहा महिन्यांत अर्ध्या वाडीने थर्माकोल सोडलं. सुनिल नावाचा शेजारी तर ज्याला त्याला सांगायचा, "कमळूदादाचं डोकं हाय ते. उगाच नाय काय."

खरी गोष्ट अशी होती की कमळूला तो तुकडा दिसत नव्हता.

आधी धूर आल्यासारखं झालं. मग पाणी आणि आकाश एकच झालं. पलीकडच्या काठावरची झाडं गेली, मग अलीकडची. घरापासून तलावापर्यंतची वाट पायांना पाठ होती, त्यामुळे चालायला अडचण नव्हती. माणसं आवाजावरून ओळखायचा. गळाला पिठाची गोळी लावायला डोळे कशाला लागतात? आणि मासा तर बोटाला कळत होता. मिरगल तळाला चरतो, तो चोखतो, दोरी बारीक थरथरते. रोहू दोनदा टोचून बघतो आणि मग आडवा पळतो. कटला ओढतच नाही, नुसता जड होतो, गळ दगडाला अडकावा तसा. मासा पाण्याबाहेर यायच्या आधीच कमळू त्याचं नाव सांगायचा, आणि ते चुकायचं नाही. लोक त्यावरही खूश.

त्याने हे कोणाला सांगितलं नाही, त्याला कारण होतं. वाडीतल्या लखमाचे डोळे गेले तेव्हा त्याच्या मुलांनी त्याला ओसरीवर बसवलं. चांगल्या मनाने बसवलं. कुठे पडेल, कुठे लागेल, म्हणून. चार वर्षं लखमा तिथेच बसून होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, तलावाला पाणी किती हाय? कमळूला त्या ओसरीची भीती वाटायची.

रंजिता त्याची सून. मुरबाडकडची, काळू नदीच्या काठच्या गावातली. नवरा भगीरथ आसनगावला एका कारखान्यात कामाला जातो, त्यामुळे दिवसा घरात ती, सासू सावळी आणि कमळू. भात कापून झालं होतं तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती भाकरी घेऊन तलावावर गेली. कमळू दोरीवर बोट ठेवून बसला होता. मासा बिथरू नये म्हणून ती तीन हातांवर गुपचूप उभी राहिली. कमळूने मान वळवली, थेट तिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा पाण्याकडे वळला. ओळखीची एक रेघ चेहऱ्यावर उमटली नाही.

तिने हात हलवला तशा बांगड्या वाजल्या.

"कोन हाय?" कमळूने विचारलं.

"मी, मामा. भाकरी आनली."

"तू व्हय. ऊन डोळ्यांवर येतंय बघ."

ऊन त्याच्या पाठीमागून येत होतं.  भाकरी त्याच्या हाताजवळ ठेवून रंजिता खाली बसली. त्याने चाचपून फडकं सोडलं आणि खायला लागला. मग तिने विचारलं, "मामा, माझी साडी कंच्या रंगाची हाय?"

कमळूचं चावणं थांबलं.

"पिवळी," तो म्हणाला.

"हिरवी हाय."

 दोरी थरथरली तरी कमळूने ओढली नाही.

"सावळीला सांगू नको," शेवटी तो म्हणाला. "भगीरथला तर नकोच. मला घरात बसवतील, पोरी."

"नाय सांगत. पन मग माझ्यासंगं शापूरला चला. डोळं दाखवू."

"आनि डाक्टर बोलला की काय होत नाय, तर?"

"तर मी रोज तलावावर सोडून जाईन तुमाला. दोरी मी लावून दीन. पन आधी दाखवू."

कमळूने यावर दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी सकाळी तो धुतलेला सदरा घालून अंगणात उभा राहिला. सावळीला दोघांनी सांगितलं की गळाची नायलॉनची दोरी घ्यायला शहापूरला चाललोय. सावळी चुलीपाशी होती. तिने मान वर केली नाही, एवढंच म्हणाली, "आना की. चांगली आना."

शहापूरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तरुण होत्या. बॅटरी लावून दोन्ही डोळे पाहिले आणि म्हणाल्या, "बाबा, मोतीबिंदू आहे. दोन्हीकडे पिकलाय. एवढे दिवस काय करत होता?"

"मासं धरत व्हतो," कमळू म्हणाला.

त्या हसल्या. मग सांगितलं की आधी उजवा डोळा करू, अर्ध्या तासाचं काम आहे, संध्याकाळी घरी. दिसेल का, असं रंजिताने दोनदा विचारलं. दोन्ही वेळा त्या हो म्हणाल्या.

 परतीच्या जीपमधून वाडीच्या फाट्यावर उतरल्यावर कमळू म्हणाला, "म्हंजे मी तीन वर्सं उगाच भ्यालो."

आता घरी सांगणं भाग होतं. रात्रीच्या जेवणाला भगीरथ असताना कमळूने सांगून टाकलं. भगीरथ गोंधळला, मग रागावला, मग बापाजवळ येऊन बसला. सावळी भाकरी थापत होती. ती थांबली नाही.

"तुला काय वाटत नाय?" कमळूने तिला विचारलं.

"काय वाटायचं? मला म्हाईत व्हतं."

"कवापासून?"

"मागल्या शिमग्यापासून. तलावाच्या वाटंवरचं दगड आपसूक बाजूला जातात व्हय? रोज उचलते मी, तू उठायच्या आधी."

"मग बोलली का नाय?"

"तू सांगशील म्हनून थांबली." तिने भाकरी तव्यावर टाकली. "लई येळ लावलास."

कमळूला हसू आलं, आणि त्याच वेळी डोळ्यांतून पाणीही. ते त्याने पुसलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुनिल आला तेव्हा कमळूने थर्माकोलचंही कबूल केलं. सुनिल म्हणाला, "पन दादा, मासं तर जास्त लागतात की." आणि त्याने आपली दोरी तशीच ठेवली.

उजव्या डोळ्याचं ऑपरेशन व्यवस्थित झालं. काळा चष्मा आला, थेंब आले, आणि नियम आले. महिनाभर डोळ्याला पाणी लावायचं नाही, वाकायचं नाही, जोर लावायचा नाही. तलावावर बसायचं तर लांब सावलीत. हे शेवटचं डॉक्टरीणबाईंनी म्हटलं नव्हतं, ते सावळीने त्यात घातलं.

चार दिवस कमळू तलावावरच्या उंबराच्या झाडाखाली नुसता बसून राहिला. पाचव्या दिवशी त्याने रंजिताला हाक मारली. "दोरी घेऊन ये गो. तू टाक, मी सांगतो."

माहेरी नदीवर रंजिताने टोपलीने झिंगे धरले होते, मोठा मासा कधीच नाही. पहिल्या दिवशी दोरी हलली की ती ओढायची आणि रिकामा गळ हातात यायचा. तिसऱ्या दिवशी कमळू म्हणाला, "डोळं मीट."

"का?"

"डोळं घाई करतात. बोटाला घाई नसते."

तिने डोळे मिटले. त्या दिवशी एक मिरगल आला, टीचभर. दुसऱ्या दिवशी दोन रोहू. आठवडाभरात ओढायच्या आधी ती नाव सांगू लागली, दहात सहा वेळा बरोबर.

मग एका सकाळी तिची दोरी जड झाली. थरथर नाही, टोचणं नाही. "मामा, दगडात अडकला."

कमळू उठून उभा राहिला. "दगड नाय. नीट धर. आता ओढू नको, दे दोरी. जाऊ दे त्याला."

दोरी तिच्या बोटांतून सरसर गेली. ती काठाकाठाने त्याच्या मागे चालली, गुडघाभर पाण्यात उतरली, थांबली, गुंडाळली, पुन्हा सोडली. कमळू सावलीतून सांगत होता, पण थोड्या वेळाने त्याच्या लक्षात आलं की तो सांगायच्या आधीच ती करतेय. मग तो गप्प झाला. अर्ध्या तासाने मासा आडवा झाला आणि तिने पदरात गुंडाळून त्याला बाहेर आणला. कटला. तिच्या मांडीएवढा.

कमळू जवळ आला. वाकायची मनाई, म्हणून तिनेच मासा वर धरला. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. तीन वर्षांत किती कटले त्याने बाहेर काढले होते, पण पाहिला एकही नव्हता. ते मोठं डोकं, वर वळलेलं तोंड, पाठीचा काळसर रंग आणि पोटाकडे येता येता होणारी चांदी. मग त्याने सुनेकडे पाहिलं. केस विस्कटलेले, गालाला चिखल.

"आज निळी हाय," तो तिच्या साडीकडे बघत म्हणाला.

"चष्मा लावा आधी," रंजिता म्हणाली.

दुपारी सावळीने चिंच-मिरचीचा रस्सा केला. डोकं तिने रंजिताच्या ताटात वाढलं. त्या घरात ते नेहमी कमळूच्या ताटात जायचं. रंजिता हात आखडून बसली, तर सावळी म्हणाली, "ज्यानं धरला त्यानं खायाचं. खा." कमळूने शेपटीकडचा तुकडा घेतला आणि अजून रस्सा मागितला.

होळीनंतर दुसरा डोळाही झाला. हल्ली घरातली कामं उरकली की रंजिता तलावावर येते, तोवर कमळूने दोन दोऱ्यांना पीठ लावून ठेवलेलं असतं. दोघं दहा हात अंतर ठेवून बसतात. बोलणं फारसं होत नाही. कधी मासे लागतात, कधी दुपारपर्यंत काहीच नाही. काहीच लागलं नाही त्या दिवशी कमळू पलीकडच्या काठावरची झाडं बघत बसतो. घरी निघायची घाई त्याला नसते.