एक जून आणि पंचवीस डिसेंबर

प्रज्ञाने मला सोबत बोलावलं ते एकाच कामासाठी. तिच्या बाबांना गप्प ठेवायचं.

भास्कर माझा जुना शेजारी, निवृत्त इतिहास शिक्षक. पुरावा दाखवल्याशिवाय चहात साखर आहे हेही मानायचा नाही. प्रज्ञाला लग्न करायचं होतं दानियलशी. तिच्याच दवाखान्यातला मुलगा, गाव शिरपूरच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी. घर ख्रिस्ती. वडील याकोबनाना गावातली रविवारची प्रार्थना चालवतात. भास्करचं घर बौद्ध हे त्यांना चालणार होतं. पुढचं भेटीवर होतं.

"बाबा, तिथे येशूचा इतिहास काढायचा नाही. नाना दुखावले तर दानियल पुढे पाऊल टाकणार नाही."

"मी काय वादाला चाललोय?" भास्कर म्हणाला. गाडीत मात्र पिशवीभर पुस्तकं ठेवली.

जानेवारीतला रविवार. जळगावहून सकाळी निघालो. तापीचा पूल ओलांडला की केळीच केळी. चोपड्यात भरीत-पुरी खाल्ली. तुम्हीही खाऊन घ्या, पुढे वाटेत आम्हाला धड काही मिळालं नाही. मोठा रस्ता सोडून डोंगराकडे वळलं की खडी लागते. गाडी सावकाश चालवा, पाणी जवळ ठेवा.

घर सारवलेलं. ओसरीत नाताळची कागदी चांदणी अजून टांगलेली. पंगतीला मक्याची भाकरी, उडदाची डाळ, लसणाची चटणी.

दुसरी भाकरी वाढून झाली आणि नानांनीच आपल्या अहिराणीत विचारलं, "तुमी इतिहासना मास्तर. आमना येशूनं खरं कितलं शे?"

प्रज्ञा ताटात बघू लागली. मी भास्करचा गुडघा दाबला. त्याने माझा हात बाजूला केला.

"माणूस होता, नाना. जवळजवळ सगळे अभ्यासक हे मानतात. गालीलातला यहुदी, नासरेथचा. योहानाकडून बाप्तिस्मा घेतला. गावोगाव शिकवत फिरला. पिलात नावाच्या रोमन अधिकाऱ्याने क्रुसावर मारला. त्याच्या हयातीत कुणी लिहिलेलं काही हाती नाही. पण काही वर्षांनी पौल नावाच्या त्याच्या अनुयायाने पत्रं लिहिली, आणि पौल येशूच्या भावाला भेटला होता. याकोबाला."

"मना नाववाला!" नाना खूश झाले. "आणि तो मरीसन परत उठला ते?"

भास्करने हातातली भाकरी ताटात ठेवली.

"आम्हाला दिसला, असं त्याच्या माणसांनी सांगितलं. त्यांनी सांगितलं इथवर इतिहास येतो, नाना. पुढे मला येता येत नाही."

नानांनी मान हलवली. "आणि पंचवीस डिसेंबर?"

"जन्मतारीख माहीत नाही. ती खूप नंतर ठरली."

दानियलच्या आईचा हात भाकरीवर थांबला. नाना चांदणीकडे बघत राहिले. मग हसू लागले.

"मनी जलमतारीख शाळाना मास्तरनी लिखी. एक जून. आख्खा गावनी एक जून शे. मंग मी जलमनाच नही का?"

दानियलची आई म्हणाली, "जलमनात ना. मना डोकावर बसाले."

प्रज्ञा सगळ्यांत उशिरा हसली आणि सगळ्यांत जास्त वेळ. भास्कर हसला नाही. भाकरीचा तुकडा हातात धरून तो म्हणाला, "नाना, माझीही एक जूनच. नशिराबादच्या शाळेतली. आई म्हणायची, कापूस वेचायला आला होता तेव्हा झालास."

"मंग दिवाळीना आसपास," नाना म्हणाले आणि त्याला आणखी डाळ वाढली.

परत येताना धुळ्यावरून आलो. लांब पडतं, पण रस्ता चांगला. पारोळ्याला शेवभाजी खाल्ली. पुस्तकांची पिशवी उघडलीच नव्हती. प्रज्ञा मागच्या सीटवर झोपली होती.

या सहलीतलं माझ्याकडे काय राहिलं, तर उडदाच्या डाळीची चव आणि भास्करचं ते वाक्य, पुढे मला येता येत नाही. तीस वर्षांत त्याच्या तोंडून असं ऐकलं नव्हतं.

आठवड्याने तो घरी आला. लग्न ठरलं होतं. बुद्धवंदना आणि ख्रिस्ती प्रार्थना, दोन्ही होणार.

"तारीख?"

"एक जून. मीच सुचवली. नाना लगेच हो म्हणाले."

"वेडा आहेस का? त्या उन्हात?"

"असू दे ऊन," भास्कर म्हणाला. "त्या तारखेला आमच्या घरात काहीतरी खरंच घडलं, असं पुढे सांगता येईल."