तपासून सांगणारे देवरावजी

आमच्या गटात कोणीही काहीही टाकलं की त्याच्या खाली देवरावजींचा प्रश्न यायचा, "पाह्यलं का आयकलं?"

गट म्हणजे फोनवरचा. गोपाल किराणावाल्याने दुकानात कोणता माल आला ते गावाला कळावं म्हणून काढला आणि गावाच्या नावावरून 'आपली आंजी' असं नाव दिलं. दोन महिन्यांत माल राहिला बाजूला. ग्रहणात गरोदर बाईने भाजी चिरावी का, टॉवरने चिमण्या मरतात का, मुलीने बापाला अग्नी द्यावा का, यावर माणसं दिवसदिवस बोलायला लागली. ज्याला स्वतःच्या बैलाचं वय सांगता येत नाही, तो चंद्रावर पाणी आहे की नाही ते सांगायचा. मी चौथी शिकलेली. सावकाश वाचते, म्हणून एकही शब्द सुटत नाही. मी सगळं वाचायची.

देवरावजींचं दुकान माझ्या घराला लागून होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटरी ते पुन्हा तार भरून द्यायचे. फोन तारेच्या रिळाला टेकवलेला असायचा, आणि एक मोटर झाली की काळ्या बोटाने ते एक उत्तर लिहायचे. कोणी "आयकलं" म्हटलं तर लिहायचे, "मंग ज्यानं सांगतलं त्याले इचारा, त्यानं तरी पाह्यलं का." कोणी "पाह्यलं" म्हटलं तर विचारायचे, "कितीक वेळा?" लोक चिडायचे, पण त्यांच्या भीतीने अर्ध्या थापा गटात यायच्याच नाहीत.

एकाने आर्वी रोडवरच्या अपघाताचा फोटो टाकला होता, रक्तासकट. देवरावजींनी लिहिलं, "त्याची माय या गटात असती त टाकला असता का?" फोटो गटातून निघाला. तो माणूस पुन्हा कधी त्यांच्याकडे मोटर घेऊन आला नाही. देवरावजींना त्याचं काही वाटलं नाही. मला आवडलं ते.

पुढे फोनमध्ये ते बोलणारं यंत्र आलं. विचारा ते सांगतं. देवरावजी त्याच्याशीही भांडायचे. मोटरीच्या तारेबद्दल त्याने काहीतरी चुकीचं सांगितलं, यांनी चूक दाखवली, तर ते लगेच माफी मागून मोकळं झालं. मला बोलावून त्यांनी ते वाचून दाखवलं आणि म्हणाले, "वयनी, याले माफी मागाले काहीच लागत नाई. ना तोंड लपवा लागत, ना उद्या कोनाले भेटा लागत. म्हनून याची माफी हलकी." मी म्हटलं, तुमची जड माफी अजून कोणी पाहिली नाही. ते हसले.

दोन वर्षांपूर्वीच्या उन्हाळ्यात आमच्या गल्लीतल्या बोअरच्या नळाला वास यायला लागला. सकाळी पाण्याचा पहिला गुंड, म्हणजे घागर, भरताना यायचा, मग जायचा. नालीचा वास होता, त्यात शंका घेण्यासारखं काही नव्हतं. मी अर्धा तास खपून गटात लिहिलं की पाण्याला घाण वास येतो, कोणी पिऊ नका. देवरावजींचा प्रश्न आलाच. मी लिहिलं, पाहिलं नाही, ऐकलं नाही, नाकाने हुंगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पेला घेऊन नळावर आले. चार माणसांसमोर पहिलं पाणी भरलं, नाकाशी धरलं आणि तिथेच उभ्या उभ्या गटात लिहिलं, "सोता तपासलं. वास नाई." झालं. माझ्या लिहिण्याखाली हसणारी तोंडं आली. एकाने लिहिलं, काकूचं वय झालं. देवरावजींनी तपासलं म्हणजे तपासलं, असं गावाचं होतं. सगळे पाणी भरत राहिले. मी दुसऱ्या गल्लीतून आणायची, तर त्यालाही हसायचे.

आठ दिवसांत गल्लीत तीन घरी उलट्या-जुलाब लागले. देवरावजींच्या बायकोला, कमलला, वर्ध्याला दवाखान्यात न्यावं लागलं. मी भेटायला गेले तेव्हा सलाईन चालू होती. ते औषध आणायला खाली गेले होते. कमल म्हणाली, "वयनी, त्यायले वास येतच नाई. मोटरीच्या वार्निशच्या धुरानं नाक गेलं, दहा वर्सं झाले. घरात दूध करपलं तरी समजत नाई. कोनाले सांगू नको म्हनते."

मी विचारलं, मग तुला तर वास येत होता, तू काऊन प्यायलीस?

"त्यायनं गटात लिहिलं होतं ना. मीच दुसरीकडून पानी आनलं असतं त लोकायनं काय म्हनलं असतं?"

मी तिला मूर्ख म्हटलं. आजारी माणसाला म्हणू नये, पण म्हटलं.

देवरावजी वर आले. मी त्यांना जिन्यापाशी नेलं. "मोटरीले मीटर लावाच्या आंधी मीटर चालू हाये का ते पाह्यता. मंग नाक काऊन नाई पाह्यलं?" त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं की त्यांना पाहायची गरज नव्हती, त्यांना माहीतच होतं. मी सांगितलं, गल्ली अजून तेच पाणी पिते आहे, अंधार पडायच्या आत तुम्ही लिहा, नाही तर मी लिहीन.

देवरावजींनी तपासलं असं लिहिलं की गावाने खरं धरायचं, हे त्या माणसाने वीस-बावीस वर्षं धंदा करून आणि पाच वर्षं भांडून कमावलं होतं. ते जाणार हे मलाही दिसत होतं. पण पाणी थांबायला पाहिजे होतं.

दिवेलागणीला फोन वाजला. त्यांनी लिहिलं होतं, "बोअरचं पानी पिऊ नका. वयनी खरं सांगत होत्या. माह्या नाकाले दहा वर्सापासून वास येत नाई. हे मले माईत होतं. तरी चार मानसात तपासलं असं म्हनलो, कारन नाई येत म्हनाची शरम वाटली. कमल त्याच्यानं दवाखान्यात हाये."

लोकांनी सोडलं नाही. तुमच्यापायी लेकरं आजारी पडली, असं तोंडावर म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. गल्ली खोदली तेव्हा नालीखालचा पाईप सांध्यात फुटलेला निघाला. गोपालने त्यांना सांगितलं, तपासलं म्हटलेलं आणि ही कबुली, दोन्ही गटातून काढून टाका, विषय संपतो. त्यांनी काढलं नाही. म्हणाले, "मिटवलं त मी हुशारच राह्यलो असतो." गटही सोडला नाही. त्यांनी काही लिहिलं की लोक नाकाची चित्रं टाकायचे. ते तरीही लिहायचे, फक्त आता शेवटी जोडायचे, मी एवढंच पाहिलं, बाकी दुसऱ्याने पाहावं. माझी माफी त्यांनी वेगळी मागितली नाही. मीही मागायला लावली नाही. कमल बरी होऊन घरी आली, पण महिनाभर त्यांच्याशी कामापुरतंच बोलायची.

या थंडीत देवरावजी गेले. झोपेतच. गटात सकाळपासून हात जोडलेली चित्रं आली. नाकाची चित्रं टाकणाऱ्यांनीच लिहिलं की असा माणूस होणे नाही, त्यांचा शब्द कधी खोटा ठरला नाही. मी चष्मा लावला आणि लिहिलं, एकदा ठरला होता. आपल्या पाण्याबद्दल ठरला होता, आणि तो खोटा होता हे त्यांनी स्वतः लिहिलं. वर जाऊन वाचा.

थोड्या वेळाने गोपालचा फोन आला. म्हणाला, "काकू, आजच्या दिवशी हे बरं नाई दिसत. काढून टाका."

मी त्याला सांगितलं, "त्यायनं त्यायचं नाई काढलं. मी माहं काऊन काढू?"