गंगाक्काची गाठ आणि माझा फोन

सांगायला लाज वाटते, पण चहा संपेपर्यंत ऐकाच. जुळे सोलापुरात आमच्या भिंतीला भिंत लागून गंगाक्का राहते. पोट सारखं दुखायचं, म्हणून दुर्बीण घालून तपासणी केली. चार दिवसांनी रिपोर्ट घ्यायला गेली, तर सोबतीला मी. बोलावलं नव्हतं, तरी गेले.

डॉक्टर म्हणाले, "जठरात गाठ आहे. चिमट्यानं दाबली की उशीसारखी दबते. वरचा तुकडा तपासला, त्यात वाईट काही नाही. तरी सीटी स्कॅन करू." मग तिच्या मुलाला, शिवाला म्हणाले, "तुम्ही जरा बाहेर या."

आता तुम्हीच सांगा, पेशंटच्या माणसाला बाहेर कधी बोलावतात? माझ्या सासऱ्यांच्या वेळी असंच बोलावलं होतं. महिन्यात ते गेले. आणि तुकड्यात काही नाही, तर स्कॅन कशाला?

घरी येऊन मंद्रूपला तिच्या बहिणीला, नीलव्वाला फोन लावला. "तोंड बघून जा. तिला मात्र कळू देऊ नका."

स्कॅन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी टेम्पो भरून माणसं आली. कुणी शेंगापोळी आणलेली, कुणी धपाटे. तिची इच्छा राहायला नको ना. गंगाक्का भाकरी थापत होती. नीलव्वा रडत तिच्या गळ्यात पडली.

"काय गं, कोण गेलं?"

सगळे तिच्याकडंच बघत होते. पिठाचे हात तसेच राहिले, तव्यावरची भाकरी करपली.

"म्हंजे मीच की," ती हळूच म्हणाली. "शिवानं मला का न्हाय सांगितलं?"

माझी मान वर होईना.

तेवढ्यात शिवा स्कॅनचा रिपोर्ट घेऊन आला. साधी चरबीची गाठ. जठरात क्वचित होते, पण कॅन्सर नव्हे. स्कॅनमध्ये चरबी स्वच्छ दिसली होती.

"मग डॉक्टरांनी बाहेर कशाला बोलावलं होतं?" मी विचारलं.

"स्कॅनची खोली दाखवायला, काकू."

गंगाक्कानं माझ्याकडं बघितलं. मग हात धुऊन म्हणाली, "चहा तू ठेव. सगळ्यांचा."

तो चहा मी ठेवला. पण नीलव्वा अजून दर सोमवारी फोन करते, आवाज दबका.

"खरं सांगा की ताई, किती दिस हायत?"

"अहो, चरबीच आहे. कालच बाजारातून दोन पिशव्या उचलून आली ती."

"व्हय, व्हय. तिच्याम्होरं असंच बोलत ऱ्हावा. तुमी लई धीराच्या."