फळा पुसायच्या आधी

ओल्या फडक्यानं फळा पुसल्याचा वास आला की सोलापूरच्या कॉलेजातली ती मुलाखत आठवते. सैद्धांतिक भौतिकशास्त्राचा लेक्चरर निवडायला मला तज्ज्ञ म्हणून बोलावलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांचा जावई आधीच ठरलेला. निकालाच्या कोऱ्या कागदावर माझी सही सकाळच्या चहाबरोबरच घेतली होती. तरी वळसंगहून भावाचा ढगळा कोट घालून आलेल्या तरुणाला मी फळ्यावर हायड्रोजनच्या अणूचं गणित सोडवायला लावलं. त्यानं ते माझ्यापेक्षा निम्म्या ओळींत सोडवलं. “बरोबर हाय न्हवं, सर?” घाम पुसत त्यानं विचारलं. “साफ चूक. पुसा ते,” मी म्हणालो. तो एकेका ओळीवर थांबत, आपली चूक शोधत पुसत राहिला. तेवढ्यात मी सगळं उतरवून घेतलं. निवृत्त होईपर्यंत वर्गात मी त्याचीच रीत शिकवली, माझी म्हणून.