ज्योतीचा नेम आणि दादाच्या किडन्या

मॅरेथॉन म्हणलं की तुम्ही सरसावून बसला असणार. आता मुंबईची गर्दी येणार, खेड्यातलं पोरगं अनवाणी पळत बूटवाल्यांना मागं टाकणार, शेवटी कुणीतरी पुढारी त्याच्या गळ्यात हार घालणार. कुणाला वाटलं असंल, मधे एखादी नर्सबाई पण येईल. तर नर्सबाई येते. पन्नाशीची आहे, आणि पहिल्याच दिवशी तिनं मला वॉर्डाबाहेर हाकललं. बाकीचं काही येत न्हाय. हे सगळं सरकारी दवाखान्यात घडलंय आणि सुरुवात लघवीपासून आहे. नाक मुरडायचं असलं तर आत्ताच मुरडून घ्या.

चष्मेवाले डॉक्टर दादाच्या खाटेपाशी उभे होते. दादाच्या पायावरच्या सुजेत त्यांनी अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. मग मला इचारलं, "यांना लघवी शेवटची कधी झाली?"

"परवा. पळून आल्यावर. काळ्या चहासारखी."

"त्यानंतर?"

"न्हाय झाली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "अ‍ॅक्यूट रीनल फेल्युअर." माझं इंग्रजी मॅट्रिकपुरतं. त्यातलं फेल्युअर तेवढं मला कळलं, आमच्या वर्गात ते बऱ्याच जणांना कळतं. पण डॉक्टर भले माणूस. त्यांनी उलगडून सांगितलं. किडनी म्हणजे मूत्रपिंड, रक्त गाळायची चाळणी. अशा दोन असतात. दादा उन्हात, पाण्याशिवाय इतका पळाला की त्याच्या मांड्यांचे स्नायू आतून फुटले. त्यातला लाल रंग रक्तात उतरला आणि जाऊन चाळण्यांत बसला. चाळण्या बंद.

मी इचारलं, "उघडत्यात का पुन्हा?"

"बऱ्याचदा उघडतात. आठवड्या-दोन आठवड्यांत. तोवर माणूस टिकला पाहिजे."

"आन् त्यासाठी काय करायचं?"

"वाट बघायची. आणि पाणी द्यायचं नाही."

मला वाटलं ते माझी गंमत करतायत. गंमत मला लवकर ओळखू येते, धंदाच तो माझा. पण ते हसले न्हाईत.

आता आमचं सांगतो. नळदुर्गाजवळ आमचं गाव. बाप लवकर गेला, म्हणून हणमंतदादानंच मला वाढवलं, शिकवलं, फटके पण त्यानंच दिले. मी नकल्या. मास्तर, तलाठी, गुरव, नळदुर्गाच्या ढाब्यावरचा सरदारजी ड्रायव्हर, कुणीही सांगा, लगेच काढून दाखवतो. दादा कमी बोलायचा आणि पळायचा.

नवरात्रात आमच्या गावची पोरं तुळजापुरी जातात. भवानीच्या देवळात ज्योत पेटवायची आणि पळत पळत गावाला आणायची. ज्योत विझू द्यायची न्हाय, खाली टेकू द्यायची न्हाय. आमच्या गावाचा नेम असा, की जवर ज्योत हातात, तवर पाण्याचा थेंब तोंडात घ्यायचा न्हाय. पायांत काही घालायचं न्हाय आणि पोटात उपास. पोरं आळीपाळीनं हातात घेतात, थोडं पळतात, दुसऱ्याला देतात, मग पाणी पितात. पहाटेचा गारवा असतो. कुणाला काही होत न्हाय. दादा मात्र निम्मी वाट एकटाच आणायचा. लोक म्हणायचे, देवीच पळते त्याच्यात.

असं पळता पळता तो तालुक्याला पहिला आला, उस्मानाबादला पहिला आला. तिथल्या व्यायामाच्या मास्तरांनी त्याचं नाव मुंबईच्या मोठ्या शर्यतीला धाडलं. आता आमची राजधानी हैदराबाद न्हाय, मुंबई, तर निदान बघून तरी येऊ म्हणून मी पण निघालो. शर्यत नेमकी नवरात्रात आली.

माय म्हणाली, "हणमंता, औंदा ज्योत चुकंल की रं."

दादा म्हणाला, "चुकायची न्हाय. मुंबईत पळतो ती औंदाची ज्योत समज. सगळा नेम पाळतो."

माय खूश झाली. मी पण झालो. गावात कुणालाच त्यात काही वावगं दिसलं न्हाय. दिसणार कसं? आमच्याकडं नेम सोडणाऱ्याला नावं ठेवतात, पाळणाऱ्याला कोण आडवं जाणार?

मुंबईचं ते आश्विनातलं ऊन. वर आभाळ तापलेलं, खाली डांबर, आणि हवा अशी की अंगाला घाम चिकटून बसायचा. आमच्याकडं ऊन भाजतं, तिथं उकडतं. जागोजाग टेबलं मांडली होती, लिंबू-पाणी, ग्लुकोज, ओले स्पंज. लोक पीत होते, डोक्यावर ओतून घेत होते. मी समुद्राकडच्या रस्त्यावर बाटली धरून उभा होतो. दादा आला. मी बाटली पुढं केली, त्यानं कपाळाला हात लावला, जसा ज्योतीपुढं लावतात, आणि गेला. चेहरा लालभडक होता. मी त्याच्या मागं थोडं पळालो, छातीला फीत लावलेल्या एका साहेबानं मला अडवलं आणि इंग्रजीत झापलं. त्या साहेबाची नक्कल मी अजून करू शकतो.

दादानं शर्यत पुरी केली. कितवा आला ते आम्हाला कधीच कळलं न्हाय. नळाखाली बसून तो इतकं पाणी प्याला की उलटी झाली. मग हसला. म्हणाला, "मायीला सांग, न्हाय इझली."

आम्ही गावच्या किसनमामाच्या खोलीवर उतरलो होतो. मामा गिरणीत कामाला. संध्याकाळी ती काळी लघवी झाली. मामी म्हणाली, उन्हाळी लागलीय. धने-जिऱ्याचं पाणी दिलं, सब्जा दिला. दादाच्या मांड्या लाकडासारख्या झाल्या होत्या, हात लावू देत नव्हता. आम्ही म्हणलं पळणाऱ्याचे पाय दुखणारच, आणि तेल गरम करून चोळलं. दुसरा दिवस असाच गेला. तिसऱ्या सकाळी त्याचे डोळे सुजून बंद झाले, तेव्हा टॅक्सी केली.

तुमच्या घरात कुणी पळणारं, उन्हात राबणारं असलं तर ही एक गोष्ट माझ्याकडून घ्या. लघवी काळी झाली की तेल शोधत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

वॉर्डात दादाच्या खाटेखाली एक काचेची बाटली ठेवली होती, लघवी मापायची. ती रिकामीच असायची. सिस्टर रोज सकाळी ती उचलायच्या, उजेडात धरायच्या आणि खाली ठेवायच्या. त्यावरून दादाचं पाणी ठरायचं. चाळणी बंद असताना पाणी दिलं तर ते बाहेर पडत न्हाय, फुप्फुसात भरतं, माणूस कोरड्या खाटेवर बुडतो. हे डॉक्टरांचेच शब्द. म्हणून अख्ख्या दिवसाला कपभर-दोन कप, तेही चमच्या चमच्यानं. परदेशात म्हणे रक्त धुवायचं यंत्र आहे. मी इचारलं, इथं? डॉक्टर म्हणाले, इथं मी आहे आणि सिस्टर आहेत.

पहिल्याच दिवशी किसनमामानं शहाळं आणलं. अशक्ताला आपण काय देतो? शहाळंच देतो. मी पेल्यात ओतलं आणि सिस्टर धावत आल्या. पेला माझ्या हातातून घेऊन मोरीत ओतला.

"भावाला मारायचंय का तुला?"

"सिस्टर, शहाळं हाय, दारू न्हाय."

"बाहेर हो. चल, बाहेर."

मग व्हरांड्यात त्यांनीच समजावलं. पोटॅशियम म्हणून एक क्षार असतो. शहाळ्यात भरपूर, फळांत भरपूर. एरवी किडनी तो बाहेर टाकते. बंद पडली की तो रक्तात साचतो आणि हृदय थांबवतो. फुटलेल्या स्नायूंतून दादाच्या अंगात तो आधीच सुटला होता. "तू प्रेमानं पाजशील," त्या म्हणाल्या, "म्हणून तुझ्यावरच नजर ठेवावी लागते."

मग दादा पाणी मागायला लागला.

सुरुवातीला चेष्टेत. "नाम्या, येक घोट. ज्योत खाली ठिवली की आता." मी चमचाभर द्यायचो, कापूस भिजवून ओठांवर फिरवायचो. मग चेष्टा संपली. तो माझं मनगट धरायचा. जीभ लाकडासारखी, आवाज घशात अडकलेला. ज्या माणसानं मला कधी काही मागितलं न्हाय, तो मला एका घोटासाठी "बाबा, बाबा" म्हणत होता. मी न्हाय दिला. मला कळत होतं का द्यायचा न्हाय. कळत असलं की सोपं जातं असं कुणी म्हणत असलं तर त्याला माझ्याकडं पाठवा.

माझ्यापाशी दुसरं काय होतं? नकला. डॉक्टरांची केली, चष्मा पुसण्यासकट. सिस्टरची केली, त्या मागंच उभ्या होत्या. दादा हसला, ओठ चिरले त्याचे हसताना. बाजूच्या खाटेवरचे म्हातारबा म्हणायचे, "पोरा, जरा मोठ्यानं कर, मला कमी ऐकू येतं."

एके दुपारी दादा म्हणाला, "माणसांच्या बास झाल्या. मोट काढ."

"मोट?"

"आपल्या हिरीवरली. पाण्याचा आवाज काढ."

मी काढली. आधी चाकाची कुरकुर, मग बैलांच्या घुंगरांचा आवाज, मग मोट वर येताना गळतं ते ठिबक ठिबक, मग थारोळ्यात पाणी पडतं तो धबाका, आणि मग ते पाटानं निघतं, खळखळ, खळखळ, लांब उसापर्यंत. अख्ख्या वॉर्डानं माना आमच्याकडं वळवल्या. सगळे खेड्याचेच होते तिथं. दादाचे डोळे मिटलेले होते आणि त्याचा कंठ वर-खाली होत होता, घोट घेतल्यावर होतो तसा.

"आनि येक मोट," तो म्हणाला.

मी काढत राहिलो. माझ्या तोंडाला कोरड पडली. मला पाणी प्यायला बाहेर जावं लागलं, आणि नळापाशी मी उभाच राहिलो. प्यावंसं वाटंना.

मग एका सकाळी बाटलीत बोटभर लघवी आली. सिस्टरनी ती उजेडात धरली आणि मला हाक मारून दाखवली. तसा आनंद मला मॅट्रिक पास झाल्यावर पण झाला नव्हता. म्हातारबांनी हात जोडले. डॉक्टर म्हणाले, "चाळणी हलतेय. पण रक्तातला क्षार अजून उतरलेला नाही. घाई करू नका." मी मायीला तार केली, दादा सुधारतोय म्हणून.

त्याच दुपारी, भेटायच्या वेळेत, दादानं माझ्याकडं बघितलं आणि त्याचे हात-पाय ढिले पडले. सिस्टरनी पडदा ओढला. डॉक्टर पळत आले, सुई दिली, छाती दाबली. मी पडद्याच्या फटीतून बघत होतो. मग डॉक्टर थांबले. म्हणाले, "हृदय बंद पडतंय. परत धरत नाही."

मी म्हणलं, "आता पाणी चालंल का?"

डॉक्टरांनी स्वतःच्या हातानं माठातून पेला भरला आणि माझ्याकडं दिला. मी दादाचं डोकं मांडीवर घेतलं आणि पाजलं. थोडं आत गेलं. बाकीचं गालावरून वाहून माझ्या पायजम्यात मुरलं.

त्या डॉक्टरांचं आणि सिस्टरचं मी वाईट बोलत न्हाय आणि बोलू देत न्हाय. त्यांनी केलं ते बरोबर केलं. आमच्या गावात नेम अजून आहे, पण मी आता पोरांच्या बरोबर सायकलवर घागर घेऊन जातो आणि ज्योतवाल्याला पाजतो. एक-दोन म्हातारे बडबडले. मी त्यांना म्हणलं, देवीनं पाणी नको म्हणलेलं मला दाखवा. 

गावी आलो तेव्हा मायीनं एकच इचारलं, "पाणी दिलंस का रं शेवटाला?" मी व्हय म्हणलं. त्यापुढं ती बोलली न्हाय. त्याच्या आधी किती दिवस दिलं न्हाय ते तिला किसनमामानं सांगितलं असणार, कारण ती माझ्याकडं बघायची आणि नजर काढून घ्यायची. मी शिव्यांची वाट बघत होतो. ती ताटात भाकरी टाकायची आणि आत जायची.

सगळ्या नकला मला यायच्या, पण दादाची कधी जमली नव्हती. त्याच्या आवाजात धरायला काही नव्हतंच, साधा आवाज. तर एकदा, सुगीच्या दिवसांत, मी रानातून भर उन्हाचा आलो. घसा सुकला होता. अंगणातनं हाक मारली, "माय, पाणी आण गं." आणि ती हाक दादाची निघाली. तंतोतंत. मी मुद्दाम केलं का, देवाशप्पथ मला अजून सांगता येत न्हाय.

आतून भांडं पडल्याचा आवाज आला. माय तांब्या घेऊन पळत आली, निम्मं पाणी तिच्या लुगड्यावर सांडलेलं. मला बघितलं. मग उंबऱ्यात तशीच उभी राहून तिनं तोंड सोडलं.

"मुडद्या. त्याचा आवाज काढतोस? माझ्यापाशी? गावाच्या नकला करून भरलं न्हाय तुझं पोट? म्या पळाले की रं, या गुडघ्यांनी पळाले. तुला देवानं आवाज दिला न्हाय व्हय सवताचा? तिकडं लेकरू पाणी पाणी करत व्हतं, आन् तू त्येला तोंडानं मोटा काढून दावत व्हतास. ऐकलंय म्या समदं. पुन्यांदा त्येच्या आवाजात हाक मारलीस तर जीभ हासडीन. काय बघतोस डोळं फाडून? धर हे. उभ्यानं पिऊ नकू, बस खाली. समदं पी. घोटभर बी तांब्यात ठिवलास तर बघ."