दाजींचा आवाज कापताना

माझं शिक्षण चौथीपर्यंत. पुढचं सगळं कारखान्यात शिकलो, कानस हातात धरून. बडोद्याला आलो तेव्हा मिसरूड फुटत होतं. नागरवाड्यात एका खोलीत चौघे राहायचो. फिटर म्हणून लागलो आणि फिटर म्हणूनच निघालो. एक गोष्ट मात्र छाती ठोकून सांगतो, माझ्या हातचं काम तपासणीतून कधी परत आलं नाही. पुढे एकदा आलं, पण ते लोखंडाचं नव्हतं. त्याचीच ही हकिगत आहे.

माझी थोरली बहीण, अक्का, करजणला राहायची. तिचे यजमान, आमचे दाजी, तिथल्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते. कापसाच्या गाड्या तोलता तोलता त्यांचा आवाज असा झाला होता, की घरात पाणी मागितलं तरी रस्त्यावरचा माणूस मागे वळून बघे. दिवाळीला आम्ही दर वर्षी तिकडे. तेव्हा देशात सगळं नवंनवं येत होतं. घरोघर केबलच्या तारा लोंबायला लागल्या, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीची पिवळी पाटी लागली. कारखान्यातला माझा एक सोबती मस्कतहून परत आला, त्याच्याकडून मी व्हिडिओ कॅमेरा घेतला. बायको दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आता घेतलाच आहे, तर निदान माझं तोंड तरी नीट काढा."

त्या कॅमेऱ्याने मी किती काय काय काढलं. गच्चीवरचे उत्तरायणाचे पतंग, गल्लीतला गरबा, गणपतीची आरती, मुलाची पहिली सायकल. ज्याच्या घरी जाई तिथे कॅमेरा खांद्याला. लोक आधी लाजायचे, मग केस विंचरून यायचे. करजणची एक दिवाळीही अशीच काढली होती.

दाजी गेल्याला दोन वर्षं झाली, तेव्हा मी अक्काला भेटायला गेलो होतो. भिंतीवर हार घातलेला फोटो होता. तांदूळ निवडता निवडता ती म्हणाली, "चेहरा रोज दिसतो रे. पण आवाज विसरायला लागलेय मी. परवा आठवायला बसले, तर तुझाच आवाज आठवला. तुझ्याकडे ती कॅसेट आहे ना?"

"आहे की."

"मग एकदा ऐकव मला."

मी म्हणालो, "अक्का, या भाऊबीजेला ओवाळणीत दाजींचा आवाज घालतो." बोललो आणि बसने घरी आलो. हातात दीड महिना होता.

खालच्या मजल्यावर एक गुजराती कुटुंब राहायचं. त्यांची सून कॉम्प्युटरच्या क्लासात शिकवायची. तिने क्लासातल्या मशीनवर माझी कॅसेट चालवून कॉम्प्युटरमध्ये उतरवून आणली. कॅसेटला बुरशी लागली होती. एकदा पूर्ण चालली आणि शेवटी मशीनमध्ये गुंडाळून तुटली. सून बिचारी रडवेली झाली. मी म्हटलं, "बेन, उतरली ना? मग झालं." म्हणजे आता जे काही होतं, ते माझ्या घरच्या कॉम्प्युटरमध्ये. तो कॉम्प्युटर मुलाने बंगळूरला नोकरी लागल्यावर घरी सोडला होता. बायको त्याच्यावर भरतकामाचं कव्हर घालून ठेवायची.

आता त्यातलं दाजींचं तेवढं काढून डिस्क करायची होती. स्टुडिओवाल्याकडे द्यायची नाही, हे पक्कं होतं. थोरल्या मुलीच्या लग्नाची कॅसेट त्याने केली होती. मंगलाष्टकांवर सिनेमाचं गाणं चढवलं आणि माझ्या सासूबाईंचा चेहरा बदामाच्या आकारात बसवून गोल गोल फिरवला. सासूबाई म्हणाल्या होत्या, "जावईबापू, मला या गिरक्या का घालायला लावल्यात?"

मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबा, मोठ्या सॉफ्टवेअरची सीडी पाठवतो. सगळे तेच वापरतात."

"विकत घेतलंस?"

"विकत कोण घेतं, बाबा? कॉपी मारतात."

"मग राहू दे. दाजी आयुष्यभर काट्यावर बसले, कुणाचं पावशेर इकडचं तिकडे केलं नाही. त्यांना मी चोरीच्या हत्याराने कापू?"

"मग फुकटवालं घ्या."

फुकट म्हटल्यावर माझा फोन खाली. फुकटचं मी जन्मात काही घेतलं नव्हतं. खालच्या सुनेने मला समजावलं, "काका, कितीतरी लोकांनी आपापल्या हौसेने बनवून इंटरनेटवर ठेवलंय. कोणी पण वापरा. मफत आहे तर घ्या ने!" मी दोन दिवस विचार केला. मग डोक्यात आलं, उन्हाळ्यात पाणीगेटला परब, म्हणजे आपली पाणपोई, लागते. रांजण भरून ठेवलेले, बसलेली बाई ओंजळीत पाणी घालते. तिथे मी कितीदा प्यायलोय. पाणी पिताना मान खाली घालायला लागली नाही, मग इथे कशाला?

पण फुकटातही निवड करायला लागते, हे मला माहीत नव्हतं. एक कॉम्प्युटरबरोबरच आलेलं होतं. ते उघडलं तर आत पानं उलटणं, चांदण्या पडणं आणि तोच तो बदाम. बंद केलं. दुसरं सुनेने उतरवून दिलं. दिसायला झकपक, काम फटाफट. मी आठवडाभर त्यावर बसलो, हात बसला. फिल्म बाहेर काढली तर दाजींच्या कपाळावरून आडवी पट्टी, कंपनीचं नाव. पैसे भरल्याशिवाय ती जाणार नाही म्हणे.

बायको म्हणाली, "अहो, दिवाळीच्या दिवशी माणसाच्या कपाळाला गंध लावतात, दुकानाची पाटी नाही."

तिसरं मिळालं ते अगदी साधं. राखाडी रंग, चार बटणं. सून नाक मुरडून म्हणाली, "काका, आ तो साव सादुं छे. यात काही येत नाही."

"काय येतं ते सांग."

"कापता येतं, जोडता येतं. बस."

"अगं, मग फिटरला आणखी काय लागतं?"

तेच घेतलं. इंग्रजी अक्षरं मला मशीनवरच्या पाट्यांमुळे ओळखू यायची, शब्द जुळवायला वेळ लागे एवढंच. इथे खूण कर, तिथे खूण कर, मधलं काढून टाक. अगदी करवत चालवल्यासारखं. रोज सकाळी आंघोळ करून बसायचो, जेवणाची हाक येईपर्यंत. सुनेने मदत करू का विचारलं तर नाही म्हणालो. हात माझा, काम माझं.

मूळ तुकडा अर्ध्या तासाच्या आसपास होता. आणि खरं सांगतो, कच्चा माल फार ओबडधोबड होता. दाजी बनियनवर बसलेत. खोकतायत, खाकरतायत. माझ्याकडे बघून ओरडतायत, "ए फिटर, त्या डबड्यातून डोकं बाहेर काढ आणि माणसासारखा बस!" मधेच मी कॅमेरा चालूच ठेवून खाटेवर टाकलाय, तर तीन मिनिटं नुसता खाटेचा पाय. हे सगळं मी घासून काढलं. खोकला काढला. बनियन काढलं. मला घातलेल्या शिव्या तर सगळ्यात आधी. कोट-टोपी घातलेले दाजी, पणती लावणारे दाजी, हात जोडून "सर्वांना दिवाळीच्या शुभेच्छा" म्हणणारे दाजी, एवढंच ठेवलं. अकरा मिनिटांचं काम झालं. कुठे खरखर नाही, कुठे धार नाही. आरशासारखं.

डिस्क तयार झाली आणि मी नेहमीसारखा बेंच साफ केला. आमच्या शॉपचा नियमच होता, माल तपासणीला गेला की आपल्या बेंचवर लोखंडाचा कीससुद्धा दिसता कामा नये. कॉम्प्युटरमध्ये दाजींचा तो लांबलचक कच्चा तुकडा होता, तो मी पुसून टाकला. हात झटकले आणि चहा मागितला.

भाऊबीजेला आम्ही दोघं करजणला गेलो. अक्काने ओवाळलं. मी तबकात डिस्क ठेवली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली आणि कपाळाला लावली. मग टीव्हीसमोर पाटावर बसली, पदर नीट केला. अकरा मिनिटं ती हलली नाही.

संपलं. मी वाट बघतोय.

"छान केलंस," अक्का म्हणाली. "किती स्वच्छ दिसतात." मग थोड्या वेळाने म्हणाली, "बाहेरच्या माणसांशी असं बोलायचे ते. अगदी बरोबर. जिनिंगचे शेठ घरी आले की हाच आवाज."

एवढंच. पुढे काही नाही, मला करंज्या वाढायला उठली. पण मी तपासणीला चाळीस वर्षं माल दिलेला माणूस, मला कळलं. माझं काम परत आलं होतं.

परतीच्या बसमध्ये बायको खिडकीबाहेर बघत म्हणाली, "घरी डिस्क पाहिली तेव्हाच मला वाटलं होतं. त्यात दाजी कुठेच नव्हते."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्या कामाला आजवर कोणी काही बोललंय का? मी कशाला पहिली होऊ?"

मग मी तिला सांगितलं, की कच्चा माल मी पुसून टाकलाय. कॅसेट तर आधीच तुटलेली.   अक्काच्या नवऱ्याचा उरलेला एकमेव खरा आवाज माझ्या हातात आला आणि मी तो कीस म्हणून झाडून टाकला, हे मला त्या बसमध्ये नीट समजलं. 

सुनेकडे जायचं म्हणजे, काका चुकले, हे तोंडाने म्हणायचं. आजपर्यंत ते वाक्य मी कुणाला म्हटलं नव्हतं, साहेबाला नाही, मुलांना नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरलो आणि म्हटलं, "बेन, माझी चूक झाली. जरा बघतेस?"

ती लगेच ओल्या हातांनी वर आली. कॉम्प्युटर सुरू केला आणि पडद्याच्या कोपऱ्यातल्या टोपलीच्या चित्रावर बोट ठेवून विचारलं, "काका, ही टोपली रिकामी केली होती?"

"मी कशाला करू?"

"म्हणजे? फाइल पुसल्यावर ही पण रिकामी करतात."

"हे बघ, भंगाराच्या डब्याला फिटरने हात लावायचा नसतो. शनिवारी स्टोअरचा माणूस येतो, तोलतो आणि नेतो. आपण फक्त टाकायचं."

ती इतकी हसली की खुर्ची धरावी लागली. "काका, तुमचा स्टोअरवाला आला नाही अजून!" टोपली उघडली. आत दाजी होते, खोकल्यासकट. तिने एकदा बटण दाबलं आणि ते जागेवर आले. मी मोरीत गेलो, तोंडावर पाणी मारलं.

या वेळी त्या राखाडी सॉफ्टवेअरमध्ये मी काहीच कापलं नाही. खोटं कशाला बोलू, खाटेच्या पायाच्या तीन मिनिटांपाशी हात फार शिवशिवला. चित्रच नाही, ठेवून काय करायचं? पण हात मांडीखाली दाबून बसलो आणि सगळं होतं तसं डिस्कवर जाऊ दिलं.

सण नाही, वार नाही, एका दुपारी एकटाच करजणला गेलो. अक्का भाजी निवडत होती. मी डिस्क लावली. दाजी बनियनवर आले, खोकले, मला डबड्यातून डोकं काढायला सांगितलं. अक्का हातातली मेथी तशीच धरून बसली. मग खाटेचा पाय आला. मी म्हणालो, "इथे काही नाही अक्का, पुढे नेतो."

"थांब."

पडद्यावर नुसता लाकडाचा पाय, आणि मागून दाजींचा तोच काट्यावरचा आवाज. "काय गं, चकलीत मोहन कमी पडलंय या वर्षी. दगड झालीय नुसती. कुणाला देऊ नकोस, दात पडतील माणसांचे."

कॅसेटमध्ये त्यावर अक्काचं काहीच उत्तर नव्हतं. भांड्यांचा आवाज होता.

"मोहन बरोबर होतं," माझ्या शेजारी बसलेली अक्का टीव्हीला म्हणाली. "तुमचे दात हलत होते. ते सांगा की सगळ्यांना." मग माझ्याकडे वळली. "तेव्हा तू ते यंत्र घेऊन घरभर फिरत होतास, म्हणून गप्प बसले मी."

टीव्हीत दाजी अजून चकलीवरच होते. मी विचारलं, "बंद करू का थोडा वेळ?"

"बंद कशाला?" मेथी बाजूला ठेवून ती पाटावर पुढे सरकली. "बोलू दे त्यांना. मलाही अजून बोलायचंय."